पितळ सुटलेलं बूल कपाट: आधी काय करावं, काय अजिबात करू नये

फ्रान्समधल्या तूर शहराजवळच्या एका जुन्या घराच्या लिलावात तुम्ही कमरेएवढ्या उंचीचं एकदारी कपाट घेतलंत. काळं लाकूड, दारावर लालसर कासवाच्या कवचात बसवलेली पितळी वेलबुट्टी, कोपऱ्यांना सोनेरी मुखवटे, वर पांढरा संगमरवर. पावतीवर लिलाववाल्यांनी नुसतं 'बूल' लिहिलं; कवच-पितळेची ही नक्षी ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या पॅरिसच्या जुन्या कारागिराचं हे नाव. पहिल्याच हिवाळ्यात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि पितळ जागोजागी सुटून वर आलं. फोटो पाठवून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: कपाट खरोखर बूलचं आहे का, सुटलेलं पितळ घरीच चिकटवता येईल का, मावशी म्हणतात तसं पितांबरी लावून ते उजळावं का, आणि दोन वर्षांनी पुण्याला परतताना ते सोबत नेता येईल का.

मी पॅरिसमध्ये जुन्या फर्निचरच्या जतनाचं काम करते. अशी कपाटं आमच्याकडे सतत येतात, आणि बहुतेक वेळा हिवाळा संपता संपता येतात. चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमच्या क्रमाने नाही, कारण एक गोष्ट आजच्या आज पाळायची आहे.

सुटलेलं पितळ बोटाने दाबू नका. वर आलेली पट्टी दिसली की हात आपसूक तिकडे जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. ही पट्टी कागदासारखी मऊ नसते. ठोकून, करवतीने कापून, घासून ती कडक झालेली असते. दाबली की बरोबर मधोमध मोडते आणि तिथे कायमची घडी पडते. न मोडलेली पट्टी परत बसवणं हे तासाभराचं काम असतं. घडी पडलेल्या पट्टीला दिवस जातो, आणि घडीची रेघ तिरप्या उजेडात जन्मभर दिसते. दाबण्याच्या नादात शेजारचं कवच तडकलं तर ते आणखी वाईट, कारण तसं नवं कवच आज कायद्याने मिळत नाही.

तेव्हा कपाट खिडकी आणि रेडिएटर यांच्यापासून लांब, आतल्या भिंतीकडे सरकवा. दारावर कापड फिरवू नका. पितळेच्या सुटलेल्या टोकात धागा अडकतो आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत पान उपटून हातात येतं. धूळ काढायचीच असेल तर मऊ केसांच्या रुंद ब्रशने, पितळ जिथे चिकटलेलं आहे तिथून सुटलेल्या टोकाच्या दिशेने हलकेच काढा, उलट कधीही नको. सेलोटेप लावू नका, तो काढताना वरचं पॉलिश सोलून निघतं. एखादा तुकडा गळून पडला तर पाकिटात घाला आणि कुठून पडला ते पाकिटावर लिहा. दाराचा फोटो छापून त्यावर खूण केलीत तर फारच उत्तम. नखाएवढा तुकडासुद्धा टाकू नका.

हे का होतं ते नीट समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. बहुतेकांना वाटतं, पितळ गरम होऊन फुगलं. हिशेब करून पाहू. ३० सेंटिमीटर लांबीची पितळी पट्टी २० अंशांनी तापली तर जेमतेम ०.१ मिलिमीटर वाढते. आता तिच्याखालचं लाकूड घ्या. बाहेर पाऊस आणि खिडक्या उघड्या असताना घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते. हीटिंग सुरू झाल्यावर ती ३० पर्यंत खाली येते. एवढ्या फरकाने ओकची ३० सेंटिमीटर रुंद मोकळी फळी आडव्या दिशेने, म्हणजे रेषांना काटकोनात, दोन ते चार मिलिमीटर आकसू शकते. पितळ जिथल्या तिथे राहतं, लाकूड मात्र त्याच्याखालून सरकत जातं. त्या आकसलेल्या जागेत पितळ मावत नाही, मग त्याला वर येण्यावाचून मार्ग उरत नाही. त्यात जनावराच्या कातड्या-हाडांचा सरस लाकडाला जितका घट्ट धरतो तितका गुळगुळीत धातूला धरत नाही. कवचसुद्धा वर्षानुवर्षं सुकत थोडं आकसलेलं असतं. त्यामुळे सगळ्यात आधी हार मानतो तो पितळ आणि सरस यांच्यामधला सांधा.

म्हणूनच तुमच्या कपाटाच्या दुरुस्तीची पहिली पायरी सरस नसून हवा आहे. साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि कपाटाच्या आत ठेवा. खोलीचं तापमान १८-१९ अंशांवर आणा. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता हळूहळू, आठवड्याला दोन-तीन टक्क्यांच्या गतीने, ५० ते ५५ वर न्या आणि तिथे टिकवा. वाफेचा झोत कपाटावर येणार नाही एवढं पाहा. लाकूड ओल परत घ्यायला वेळ लावतं, दीड-दोन महिने धरून चाला. या काळात बरंच पितळ आपणहून खाली बसल्यासारखं दिसेल, कारण त्याची जागा त्याला परत मिळालेली असेल. ते चिकटलेलं नसतं, पण चिकटवण्याच्या लायक झालेलं असतं. घाईतला कारागीर काय करतो, तर कोरड्या, आकसलेल्या लाकडावर पितळ बसत नाही म्हणून त्याच्या कडा कानसीने घासून ते बारीक करतो. पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि त्या पानाभोवती काळी फट उघडते. अशी फट लाखेने किंवा रंगीत मेणाने बुजवलेली कपाटं मी इतकी पाहिली आहेत की दारावरच्या फटी पाहून मागची दुरुस्ती जानेवारीतली की जुलैतली याचा अंदाज येतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. आंद्रे-शार्ल बूल १६४२ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला आणि १७३२ मध्ये वारला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या शिफारशीने १६७२ मध्ये त्याला पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात राहायला आणि काम करायला जागा मिळाली. ही जागा म्हणजे नुसता मान नव्हता. पॅरिसच्या व्यवसायसंघांचे नियम कडक होते. लाकूडकाम करणाऱ्याने लाकूडच करायचं, ब्राँझ ओतणं, छिनणं, त्यावर मुलामा चढवणं ही दुसऱ्या संघांची कामं. लूव्रमधले कारागीर राजाच्या आश्रयाखाली असल्याने या नियमांतून सुटले होते. त्यामुळे बूलच्या कारखान्यात लाकूड, पितळ, कवच आणि सोनेरी ब्राँझ हे सगळं एका माणसाच्या नजरेखाली तयार होत होतं. त्याच्या कपाटांवरची ब्राँझची पानं लाकडावर ठेवल्यासारखी न वाटता आतून उमलल्यासारखी वाटतात, त्याचं मूळ मला या व्यवस्थेत दिसतं.

कवच आणि पितळ एकत्र कापण्याची रीत बूलने शोधली, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. त्याच्या आधी पिएर गोल हा हॉलंडहून आलेला कारागीर चौदाव्या लुईसाठीच असं काम करत होता, आणि रीतीची मुळं इटली आणि फ्लँडर्समध्ये आणखी मागे जातात. बूलने तिला जी उंची दिली ती मात्र त्याचीच. तो चित्रकारासारखा विचार करायचा. रेखाटनं आणि छापील चित्रं यांचा त्याचा संग्रह प्रचंड होता, त्यापायी तो कर्जबाजारीही होत असे. १७२० च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कारखान्याला आग लागली आणि त्या संग्रहाचा मोठा भाग, तयार आणि अर्धवट फर्निचरसकट, जळून गेला. त्या वेळी त्याने सत्तरी कधीच ओलांडली होती.

रीत अशी. पितळेचा पातळ पत्रा आणि तितकाच पातळ कवचाचा तुकडा एकावर एक ठेवायचे, वर-खाली लाकडाच्या पातळ फळ्या लावून गठ्ठा बांधायचा आणि वर नक्षीचा कागद डकवायचा. मग केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने, पात्याला चरबी लावत, रेघेवरून कापत जायचं. गठ्ठा सोडला की दोन नक्षी हातात येतात. एकीत कवचाच्या जमिनीवर पितळेची वेल, दुसरीत पितळेच्या जमिनीवर कवचाची वेल. पहिलीला फ्रेंचमध्ये प्रमियेर-पार्ती म्हणतात, दुसरीला कोंत्र-पार्ती. म्हणून या कामात जोडीची कपाटं असतात, एक काळसर आणि एक सोनेरी. तुमच्या फोटोत कवचाची जमीन आहे, म्हणजे ते पहिल्या प्रकारातलं. त्याचं जोडीदार कपाट कुठल्या तरी घरात असण्याची शक्यता बरीच आहे.

कवच येतं ते हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरून. पाठीवर १३ मोठे पट्टे असतात. गरम पाण्यात ते मऊ होतात, सपाट दाबता येतात, आणि उष्णता व दाब देऊन एकमेकांना जोडताही येतात. दार एवढं मोठं असूनही कवचाचे सांधे तुम्हाला सापडले नाहीत, ते याचमुळे. पातळ केलेलं कवच अर्धपारदर्शक असतं, म्हणून लावण्याआधी त्याच्या पाठीला रंग देतात. तुमच्या दाराचा लाल हा कवचाचा रंग नाही, त्याच्या मागचा शेंदरी रंग तपकिरी ठिपक्यांमधून वर येतोय. दहापट मोठं करणाऱ्या भिंगाने पाहा. गडद डागांच्या कडेला सुईच्या टोकाएवढे ठिपके विखुरलेले दिसले तर कवच अस्सल. गडद भाग ढवळलेल्या शाईसारखा, लांब पट्ट्यांनी वळत गेला असेल तर ते सेल्युलॉइड किंवा नंतरचं प्लास्टिक. लाल गरम सुई टोचून वास घ्या, असा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. दाराला भोक पडेल, आणि ते सेल्युलॉइड असलं तर पेट घेईल.

तर, हे बूलचं आहे का? नाही. आकारावरूनच जवळजवळ खात्रीने सांगते. कमरेएवढं, एकदारी, काळं केलेलं लाकूड, लाल कवच, पांढरा संगमरवर, कोपऱ्यांना मुखवटे हा संच तिसऱ्या नेपोलियनच्या दुसऱ्या साम्राज्यातला, म्हणजे १८५२ ते १८७० च्या काळातला. त्या वेळी पॅरिसच्या सुखवस्तू दिवाणखान्यांत ही कपाटं जोडीने भिंतीला लावलेली असत. बूलच्या हातचं म्हणून ज्या वस्तूंबद्दल कागदोपत्री काही शंका नाही अशा फार थोड्या आहेत. १७०८-०९ मध्ये राजाच्या त्रियानों महालासाठी दिलेले दोन कमोड, म्हणजे खणांची बुटकी कपाटं, त्यांतले सर्वांत प्रसिद्ध, आज ते व्हर्सायच्या राजवाड्यात आहेत. तो स्वतःच्या कामावर शिक्का मारत नसे. 'बूल' असा शिक्का दाखवून कुणी काही विकू लागलं तर तिथूनच उठून यावं.

काळ नक्की करायला तुम्ही स्वतः चार गोष्टी पाहू शकता. आधी संगमरवर उतरवा, पण दोघांनी मिळून, आणि उचलताच तो उभा करा. आडवा धरून नेला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडतो. खाली चौकटीच्या वरच्या कडेवर कारागिराचा शिक्का असू शकतो. मग पाठीच्या फळ्यांवर टॉर्च तिरपी धरा. गोल करवतीच्या वर्तुळाकार रेघा दिसल्या तर लाकूड एकोणिसाव्या शतकातलं. सोनेरी मुखवट्यांपैकी एकाचा स्क्रू सोडवून पाहा, तो सहज फिरत असेल तरच. टोक अणकुचीदार आणि आटे एकसारखे असले तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्याआधीचे स्क्रू टोकाला बोथट आणि हाताने केलेले, त्यांची खाचही क्वचितच मधोमध असते. आणि त्या मुखवट्याची पाठ बघा. पाऱ्याच्या मुलाम्यात सोनं आणि पारा यांचा लगदा फासून, तापवून पारा उडवतात. असा मुलामा उबदार दिसतो, पुढच्या बाजूला जाड असतो आणि पाठीवर ओघळलेला किंवा नसलेलाच असतो. विजेचा मुलामा १८४० च्या दशकापासूनचा. तो पुढेमागे सारखा, पातळ आणि जरा थंड पिवळा दिसतो. ब्राँझवर मुकुटाखाली सी हे अक्षर सापडलं तर मला लगेच कळवा. तो १७४५ ते १७४९ एवढ्याच वर्षांत आकारलेल्या करासाठीचा शिक्का आहे, आणि तुमच्या कपाटावर तो असलाच तर मुखवटे दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या वस्तूवरून काढून इथे लावले असावेत.

पितळेची जाडीही बोलते. बूलच्या काळचा पत्रा ओतून, ठोकून केलेला, म्हणून एकाच पानात जाडी कमी-जास्त असते. एकोणिसाव्या शतकातला पत्रा लाटणयंत्रातून निघालेला, सगळीकडे सारखा आणि बहुधा जास्त पातळ. तुमच्या सुटलेल्या टोकांची कड फोटोत दिसतेय, तीवरून मला लाटलेलाच पत्रा वाटतो.

'मग हे नकली' असं म्हणून कृपा करून कपाटाकडे पाठ फिरवू नका. ही रीत बूलबरोबर संपली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एतिएन लव्हासर आणि मोंतिन्यी या पॅरिसच्या कारागिरांनी जुनी बूल फर्निचर दुरुस्त केली आणि त्याच वळणाची नवीही केली. १८१५ च्या सुमारास ल गेन्यर हा कारागीर लंडनमध्ये असंच काम करत होता. दुसऱ्या साम्राज्यात यंत्राच्या करवती आल्या, मागणी वाढली, आणि खूप सुमार माल निघाला हे खरं. त्याच काळात उत्तम हातांनी केलेलं कामही झालं. ते बनवणाऱ्यांनी बहुतेक वेळा कुणाला फसवलं नव्हतं. गिऱ्हाइकाला दीड-दोनशे वर्षांपूर्वीची तऱ्हा हवी होती आणि ती त्याला मिळाली. फसवणूक नंतरच्या दुकानदारांनी केली. पावतीवर तुम्हाला काळ न लिहिता नुसतं 'बूल' लिहून दिलं, त्या शब्दाने शैली सांगितली जाते, कर्ता नाही. किती पैसे मोजलेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण या प्रकारची कपाटं फ्रान्समधल्या लिलावांत दुर्मीळ नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे उत्तर इतकं लांबवतेय तिथे येते. तुमचा तिसरा फोटो, दाराच्या मधल्या वर्तुळाचा. त्यात एक पितळी मुखवटा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना वळत जाणारी पानं. फोटो मोठा करून पाहा. पानाच्या शिरा, मुखवट्याच्या पापण्या, केसांची वळणं, दाढीखालची सावली, हे सगळं पितळेत कोरणीने ओढलेल्या बारीक रेघांचं आहे, आणि रेघांमध्ये काळं भरलेलं आहे. करवतीने फक्त बाह्यरेषा येते. तोंडाला तोंडपण देतात त्या या रेघा. त्या नसतील तर दारावर पिवळ्या पत्र्याचे कापलेले तुकडे उरतात. बूलच्या अस्सल कामात या रेघांची जाडी कोरणीच्या दाबाबरोबर बदलत जाते, सावलीच्या जागी रेघा दाट होतात, उजेडाच्या जागी नाहीशा होतात. तुमच्या कपाटावर त्या जरा एकसुरी आहेत, पण आहेत, आणि जवळजवळ शाबूत आहेत. दीडशे वर्षं वापरात असलेल्या दारावर हे नशीबच म्हणायचं.

म्हणून पितांबरी नको. चिंच नको, लिंबू-मीठ नको, राख नको, बाजारातलं कुठलंही पितळी पॉलिश नको. आपल्या घरात देवाची भांडी घासायला यातलं सगळं चांगलंच आहे, कारण समई जाड आणि भरीव असते. तुमच्या दारावरचं पितळ मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे आणि त्यातली रेघ त्याच्याही वरच्या पापुद्र्यात. प्रत्येक घासणीत तो पापुद्रा जातो. आधी काळं भरण जातं, मग बारीक रेघा, मग मुखवट्याचे डोळे. आंबट पदार्थ आणि अमोनिया असलेली पॉलिशं कडेने आत झिरपतात, सरस मऊ करतात, आणि पितळेच्या पाठीवर हिरवा गंज चढतो. भुकटी कवचाच्या बारीक चिरांत जाऊन पांढरी बसते, ती काढता काढता नाकी नऊ येतात. वर जो सोनेरी-तपकिरी झाक असलेला थर दिसतोय, ज्याला तुम्ही मळ म्हणालात, तो बराचसा जुन्या लाखेच्या वार्निशचा आहे. पितळ इतकी वर्षं काळं पडलं नाही ते त्याच्या आधारावर.

कारखान्यात आम्ही काय करतो तेही सांगते, म्हणजे काम कुणाला देताना तुम्हाला बोलता येईल. मळ काढायला पहिला प्रयोग लाळेचा. कापसाचा बोळा काडीवर गुंडाळून, लाळेने किंचित ओला करून एका नाण्याएवढ्या जागेवर फिरवायचा. लाळेतल्या पाचकरसांमुळे दमटपणा फार न देता चिकट मळ सुटतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण जगभरच्या संग्रहालयांत हे रोज केलं जातं. पितळ आणि कवचाच्या खालचा जुना, भुगा झालेला सरस कोमट ओलाव्याने मऊ करून खरवडून काढायचा. तो तसाच ठेवून वर नवा सरस घातला तर दोन हिवाळ्यांत पितळ परत सुटतं. पितळेची पाठ थोडी खरखरीत करायची आणि तिच्यावर कापलेली लसणाची पाकळी चोळायची. पॅरिसच्या कारागिरांची ही जुनी रीत मीही पाळते. लसणाच्या रसाने चिकटपणा निघतो आणि सरस धातूला जास्त चांगला धरतो. मग माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला सरस, किंवा साधारण ५५-६० अंशांवर गरम ठेवलेला कातड्याचा सरस. त्यावर न चिकटणारा कागद, त्यावर नक्षीच्या आकाराचा ठोकळा, आणि बेताचा दाब देणारे शिकंजे. वळणदार भागावर गरम वाळूच्या पिशव्या. दाब चोवीस तास तरी हलवायचा नाही.

तुम्ही फेविक्विकबद्दल विचारलंत. इपॉक्सी काय, झटपट गोंद काय, दोन्हींचा दोष एकच: ते परत सुटत नाहीत. सरस ओलावा आणि उष्णतेने कधीही सोडवता येतो, म्हणूनच ही कपाटं आजवर दुरुस्त होत आली. झटपट गोंद वर कवचाच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखा पसरतो आणि आत काचेसारखा ठिसूळ होतो. लाकूड पुढच्या वर्षी हलणारच आहे. सांधा सुटला नाही तर कवच फुटेल. सुटलेला सांधा मी केव्हाही पसंत करेन.

चौथा प्रश्न, पुण्याचा. हॉक्सबिल कासव १९७७ पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या कुठल्याही भागाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. युरोपीय संघात १९४७ च्या आधी घडवलेल्या वस्तूंना सवलत आहे, त्यामुळे तुमची खरेदी गैर नाही. लिलावाची पावती आणि जुनेपणाचा एखादा तज्ज्ञाचा कागद मात्र जपून ठेवा. सीमा ओलांडताना गोष्ट बदलते. फ्रान्सकडून साइट्सचं प्रमाणपत्र लागेल आणि भारताकडून आयातीची परवानगी. हे कासव आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे जुनी वस्तू, घरचा सामान असल्या सबबी चालतील या भरवशावर कंटेनरमध्ये काहीही चढवू नका. दोन्हीकडून लेखी उत्तर हातात येईपर्यंत कपाट हलवू नये, हा माझा सल्ला.

आणि परवानगी मिळाली तरी मी नेणार नाही. पुण्यात एप्रिलमधली दुपार आणि जुलैमधली दुपार यांच्यात आर्द्रतेचा जो फरक पडतो, तो तुमच्या तूरच्या हिवाळ्यापेक्षा मोठा आहे. तिथे वर्षभर एसी आणि डिह्युमिडिफायर चालवून एक खोली ५० टक्क्यांवर ठेवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर पितळ दरवर्षी सुटेल, आणि ते परत बसवणारा माणूस जवळपास मिळणं अवघड. परतायच्या आधी इथेच विकलंत, किंवा इथल्या मित्राकडे ठेवलंत, तर कपाटाचं भलं होईल.

दुरुस्ती कुणाकडे द्यायची? पॅरिसमध्ये १८८६ मध्ये सुरू झालेली, बूलच्याच नावाची शाळा आहे, एकोल बूल. तिथे ही करवत आजही शिकवली जाते आणि तिथून शिकलेले कारागीर फ्रान्सभर आहेत. राष्ट्रीय वारसा संस्थेतून फर्निचर जतनाची पदवी घेतलेलेही आहेत. तूरच्या आसपास कुणीतरी नक्की सापडेल. काम देण्याआधी त्यांना हे विचारा: सरस कोणता वापरणार, पितळेच्या कडा घासणार का, आणि शेवटी संपूर्ण दार सपाट करणार का. जुन्या काळी दुरुस्तीनंतर सगळा पृष्ठभाग खरवडून एकसारखा करायची पद्धत होती, त्यात मूळ रेघा जायच्या आणि वर नव्या कोरल्या जायच्या. 'दार एकदम नव्यासारखं चकचकीत करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. जिथे पितळ हरवलंय तिथे नवा तुकडा घालायचा असेल तर त्यावर रेघा कोण कोरणार, तेही आधी ठरवा, कारण कापणारा आणि कोरणारा हात एकच असेल असं नाही. हरवलेल्या कवचाच्या जागी रंगवलेलं गाईचं शिंग किंवा रंग मिसळलेलं रेझिन घालतात. दोन्ही चालतात, फक्त कुठे काय घातलं ते फोटोसह लिहून घ्या.

हे सगळं होईपर्यंत दाराचे नीट फोटो काढून ठेवा. खोलीत अंधार करा, टॉर्च दाराच्या एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि समोरून फोटो घ्या. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला, वर, खाली. सुटलेलं प्रत्येक पान आपली सावली टाकेल. चिकटलेलं दिसणारं पण आतून पोकळ झालेलं पितळ शोधायला नखाने अगदी हलकी टिचकी मारत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. त्या जागांवर छापील फोटोत पेन्सिलने गोल करा. दीड-दोन महिन्यांनी, आर्द्रता ५० च्या पुढे गेल्यावर, तेच फोटो परत काढा आणि संगमरवराखालच्या चौकटीच्या फोटोसोबत मला पाठवा. कुठली पानं आपणहून बसली आणि कुठली अजून तरंगताहेत ते पाहून कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, ते पानागणिक सांगते.